फिर्याद एकाची, कसूर दुसऱ्याची

मोटारीच्या दर्शनी फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की मालकाच्या मनात प्रथम भीती उत्पन्न होते ती खर्चाची. आणि गॅरेजात स्कॅनर जोडल्यावर त्याच्या पडद्यावर ‘पी ०४२०’ हा संकेत उमटला, म्हणजे ती भीती खरीच ठरल्यासारखी वाटते, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली उतरली आहे असा त्या संकेताचा अर्थ असून कन्व्हर्टर हा मोटारीच्या अत्यंत महाग भागांपैकी एक होय. परंतु हा संकेत म्हणजे निकाल नव्हे. ती केवळ फिर्याद आहे, आणि फिर्यादीत ज्याचे नाव प्रथम नोंदले गेले तोच अपराधी, असे कोणतेही न्यायासन मानीत नाही.

लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या विषारी धुरक्याने अस्वस्थ होऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने मोटारीचा धूर शुद्ध करणाऱ्या या साधनाचा ध्यास घेतला व १९५६ साली त्याचे पेटंट मिळविले. पण त्या काळच्या पेट्रोलात मिसळलेले शिसे उत्प्रेरकाला निकामी करीत असल्यामुळे त्याचा सार्वत्रिक उपयोग अमेरिकेत १९७५ सालच्या गाड्यांपासूनच होऊ शकला. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्यासाठी तेथे शिसेविरहित पेट्रोल आले, आणि २००० साली शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले.

एक्झॉस्टच्या मार्गात बसविलेल्या कन्व्हर्टरच्या धातूच्या डब्यात असंख्य सूक्ष्म समांतर छिद्रांचा एक सिरॅमिक ठोकळा असतो व त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअस तापमान झाल्यावर हा लेप कार्यप्रवण होतो; मग कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन यांचे ज्वलन पूर्ण होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन होऊन निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. लेपातील सेरियम ऑक्साइड प्राणवायू साठवून ठेवते व गरजेप्रमाणे सोडते, आणि मोटारीतील संगणकाची सारी परीक्षा या साठवणुकीवरच अवलंबून असते. कन्व्हर्टरच्या पुढे व मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. जुन्या पद्धतीच्या पुढच्या सेन्सरचे वाचन सुमारे ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत खाली-वर होत राहते, तर कन्व्हर्टर निरोगी असेल तेव्हा मागच्याचे वाचन ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर असते. मागचा सेन्सरही पुढच्याप्रमाणेच हेलकावे घेऊ लागला, म्हणजे प्राणवायूची साठवण संपली असे संगणक अनुमानतो व बहुधा लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तेच आढळल्यावर दिवा लावतो.

हे अनुमान चुकू शकते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडात बारीकशी गळती असली, तर बाहेरची हवा आत शिरून वाचन बिघडते. कधी मागचा सेन्सरच जुना झालेला असतो. म्हणून जाणत्या मिस्त्रीने प्रथम संकेताबरोबर नोंदलेली इंजिनाची त्या क्षणीची स्थिती वाचावी, मग गळती पाहावी, दोन्ही सेन्सरांची चालू वाचने पडद्यावर शेजारी ठेवून तपासावी, आणि संगणकाच्या दप्तरात आणखी कोणते संकेत आहेत याची चौकशी करावी. ‘पी ०३००’ किंवा ‘पी ०३०१’सारखा मिसफायरचा संकेत, ‘पी ०१७१’ हा मिश्रणात इंधन कमी असल्याचा किंवा ‘पी ०१७२’ हा ते अधिक असल्याचा संकेत सोबत असेल, तर आधी त्याचा निकाल लावणे अगत्याचे आहे. कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. त्याला मारले जाते. एखादा सिलिंडर मिसिंग मारू लागला, की न जळलेले इंधन कन्व्हर्टरात जाऊन पेटते व सिरॅमिक वितळते; याच कारणास्तव दिवा लुकलुकू लागल्यास वेग कमी करून गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलातील फॉस्फरस लेपावर साचतो, आणि हेड गॅस्केट गळत असेल तर कूलंटमधील द्रव्येही तेच करतात. मूळ कारण तसेच ठेवून बसविलेला नवा कन्व्हर्टर जुन्याच्याच वाटेने जातो.

या कारणपरंपरेत इंजिनात साचणाऱ्या कार्बनचे स्थान मोठे आहे. शहरातील रांगत्या रहदारीत व अल्प अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, आणि काजळी साचत जाते. तिचा उपाय मात्र इंजिनाची जात पाहून ठरवावा. ज्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी फवारले जाते, तेथे पॉलिइथरअमाइन असलेले चांगले इंधनशोधक द्रव्य इंजेक्टर व व्हॉल्व्ह यांवरील थर बऱ्याच अंशी उतरविते. पेट्रोल थेट सिलिंडरात सोडणाऱ्या इंजिनात इंधनाचा थेंबही इनटेक व्हॉल्व्हला स्पर्श करीत नाही, तर क्रॅंककेसमधून परतणारी तेलकट वाफ त्यावर जमते. तेथे टाकीत कोणतेही द्रव्य ओतले तरी व्हॉल्व्ह स्वच्छ होणे शक्य नाही. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या दळलेल्या कणांचा दाबाने मारा करणे, ही रीत मला सर्वांत विश्वसनीय वाटते. थ्रॉटल बॉडी आणि एक्झॉस्टचा काही धूर पुन्हा इंजिनात फिरविणारा ईजीआर व्हॉल्व्ह यांची सफाई हे स्वतंत्र आणि तुलनेने सोपे काम आहे.

काजळीने नुसता माखलेला कन्व्हर्टर, मूळ दोष दूर झाल्यावर, महामार्गावरील दीर्घ व तप्त प्रवासात काही अंशी सावरू शकतो. वितळलेल्या सिरॅमिकला किंवा फॉस्फरसने विषाक्त झालेल्या लेपाला बाटलीतील कोणतेही औषध पुनरुज्जीवित करीत नाही, मग जाहिरात काहीही सांगो. कन्व्हर्टर काढून त्या जागी पोकळ नळी बसविण्याची तजवीज कोणी सुचविली, तर ती साफ नाकारावी. ते बेकायदेशीर आहे, आणि तो विषारी धूर आपल्याच मुलाबाळांच्या छातीत जातो.

सबब बदलाचा हुकूम देण्यापूर्वी दोन्ही सेन्सरांची वाचने बिलावर लिहून मागावी, आणि बदल खरोखरच करावा लागला तर उतरविलेला जुना भाग गॅरेजात न सोडता परत घ्यावा, कारण त्यातील मौल्यवान धातूंना चांगली किंमत येते व तिच्यावर हक्क मालकाचा आहे.