मनातला तोतया

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, की गर्दीत नाहीसे झाले, याविषयीची कुजबुज पुण्यात पुष्कळ वर्षे चालू होती. त्या कुजबुजीचा आधार घेऊन एक गृहस्थ 'मीच तो भाऊ' म्हणून उभा राहिला. त्याला पकडून रत्नागिरीस कैदेत ठेवले. पण १७७६ साली तो बाहेर पडला, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले, हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली गोळा झाली. त्याच वर्षी त्याचा पाडाव होऊन त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, त्यामुळे मागच्या पिढीला ही हकिगत तोंडपाठ असे.

मला या माणसाविषयी एका गोष्टीचे फार नवल वाटते. दुसऱ्याचे नाव घेऊन मुजरे स्वीकारताना त्याची जीभ कधी चाचरली, हात कधी कापला, असे या हकिगतीत कोठे दिसत नाही. खरा तोतया डगमगतच नाही. डगमगतात ती बिचारी खरी माणसे!

आपल्या ओळखीत अशी किती तरी माणसे सापडतील. पदवी खरी, गुण खरे, नोकरी स्पर्धेत मिळविलेली. आणि तरीही मनात सतत धास्ती, की आज ना उद्या कोणी तरी दारावर थाप मारील आणि म्हणेल, 'बाईसाहेब, चूक झाली. ही खुर्ची तुमची नव्हे.' बढतीचा कागद हाती आला म्हणजे घरचे पेढे वाटतात, आणि ज्याला बढती मिळाली तो मात्र रात्री आढ्याकडे पाहत पडून राहतो. भाऊसाहेबांच्या तोतयाने खोट्याचे खरे करून दाखविले. आमचे हे सज्जन खऱ्याचे खोटे मानून बसतात.

या मनःस्थितीला शास्त्रीय नाव मिळाले ते १९७८ साली. अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठात पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून एक निबंध लिहिला. त्यांतल्या कोणी पीएच. डी. होत्या, कोणी आपापल्या व्यवसायात मान्यता पावलेल्या, कोणी हुशार म्हणून नावाजलेल्या विद्यार्थिनी. आणि यांपैकी अनेकींचे म्हणणे एकच : परीक्षकाची काही तरी गफलत झाली, निवड समितीच्या ध्यानात आले नाही, आपण सर्वांना फसविले आहे. पुढे हेच पुरुषांतही आढळले, तेव्हा 'हे बायकी मनाचे खेळ' म्हणून हसणाऱ्या पुरुष वाचकांनी जरा सबुरीने घ्यावे. आज या प्रकाराला सर्रास इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. परंतु क्लान्सबाईंनी त्याला रोग म्हटलेले नव्हते. एक आढळणारा अनुभव, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

कोणी म्हणेल, एवढे यश मिळाले की भीती आपोआप जाईल. येथेच खरी मेख आहे. या माणसापुढे नवे काम आले की तो घाबरतो. मग एक तर जरुरीपेक्षा चौपट तयारी करतो, नाही तर शेवटच्या दिवसापर्यंत टाळाटाळ करून एका रात्रीत उरकतो. काम उत्तम होते. पण चौपट तयारी करणारा म्हणतो, 'ही काय अक्कल? ही तर नुसती हमाली!' आणि रात्रीत उरकणारा म्हणतो, 'नशीब बलवत्तर.' दोन्ही वाटांनी यश येते, आणि दोन्ही वाटांनी ते जमेच्या खात्यावर चढण्याआधीच खर्ची पडते. अशा माणसाला आणखी एक बक्षीस देणे म्हणजे फुटक्या घागरीत आणखी एक तांब्या ओतणे.

ही घागर फुटते कोठे? त्या दोन बाईंनी बोट दाखविले ते घराकडे, आणि म्हणूनच हा विषय दिवाळीत चार नातेवाईक जमलेले असताना बोलावासा वाटतो. त्यांना दोन तऱ्हेची घरे आढळली. एका घरात भावंडांची वाटणी झालेली असते : थोरली हुशार, धाकटी मायाळू. मग धाकटीने वर्गात पहिला नंबर आणला तरी 'हुशार' हे पद आधीच भरलेले असते! दुसऱ्या घरात याच्या अगदी उलट. मुलगी जन्मली तीच गुणांची खाण. तिला काय येत नाही असे विचारा! आमच्याकडची भाषा आठवून पाहा. 'आमचा बंडू पुस्तकाला हात लावत नाही हो, तरी पंच्याण्णव टक्के!' चकली मोडता मोडता हे वाक्य किती आया किती अभिमानाने बोलतात. बंडू आतल्या खोलीत ऐकत असतो. आपण रात्री पांघरुणात दिवा घेऊन गणिते सोडविली, हे त्याला ठाऊक असते. म्हणजे खरा हुशार तो, ज्याला हात लावावा लागत नाही. आणि आपल्याला तर लावावा लागला! त्या क्षणापासून बंडू आईचा लाडका आणि स्वतःचा तोतया. 'बंडूने या वर्षी फार कष्ट घेतले' असे म्हणण्यात त्या माउलीचे काय जाणार होते? पण कष्टांनी मिळालेली हुशारी आपल्याकडे थोडी हलक्या दराची समजतात खरी.

आमच्या सोलापुरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. येथे मराठी शिकविणे म्हणजे तीन भाषांच्या चौकात उभे राहणे. पूर्वभागातल्या विणकरांच्या घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्यांच्या घरी कन्नड, काही घरांत दख्खनी उर्दू. आणि महाविद्यालयात आल्यावर मराठी. या मुलांना मराठी फार छान येते. किंबहुना दोन-तीन भाषांच्या घर्षणाने त्यांचा कान असा तयार झालेला असतो, की शब्दांची छटा त्यांना चटकन कळते. पण उत्तम निबंधाबद्दल शाबासकी द्यावी, तर ती मान खाली घालून म्हणतात, 'सर, आमची मराठी खरी नाही.'

एका मुलीचे सांगतो. आई घरी विड्या वळणारी. शहरातील हजारो बायका करतात तेच काम. मुलगी मराठी घेऊन एम. ए. झाली, वरच्या क्रमांकाने झाली. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या सेट परीक्षेचा अर्ज भर म्हटले, तर तयार होईना. 'पेपर सोपे होते', 'त्या वर्षी मुलेच कमी होती', 'तुम्ही नोट्स दिल्या होत्या' अशी सबबींची माळच तिच्याकडे तयार होती. पूर्वी एका मुलाखतीत तिच्या तोंडून 'मी ते काम केलो' असे वाक्य गेले होते आणि समोरची मंडळी हसली होती. तेव्हापासून ती मराठीत उत्तर देण्यापूर्वी ते मनात दोनदा तपासून घेई.

'मी काम केलो' याला पुण्यात चूक म्हणतात. प्रमाण मराठीत 'मी काम केले'. तेथे क्रियापद कामाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, कर्त्याला विचारत नाही. कन्नड-तेलुगूत ही रीत नाही, तेथे भूतकाळातही क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. आणि शतकानुशतकांच्या शेजारामुळे ते वळण आमच्या बोलीत उतरले. म्हणजे हे अज्ञान नव्हे, हा एका भाषेने दुसरीला दिलेला वाणवळा आहे. परीक्षेच्या पेपरात 'केले' लिहावे, त्याला माझी ना नाही, आणि ती मुलगी ते बिनचूक लिहितेच. मौज एवढीच, की ज्यांच्या बोलीत क्रियापद कर्त्याची पाठ सोडत नाही, त्याच मुलांना 'हे मी केले' म्हणायची चोरी! आणि हसणाऱ्यांविषयी एक शब्द बोललाच पाहिजे. प्रत्येक वेळी भिणाऱ्याच्या मनालाच औषध पाजायचे नसते. कधी कधी हसणाऱ्याचे तोंड बंद करणे हाच उपाय असतो.

या गावात १९४४ ते १९५६ पर्यंत एक थोर गृहस्थ प्राध्यापक होते, हे आमच्या मुलांना सांगावे लागते. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. जन्म धारवाडचा, १८९६ चा, घरची भाषा मराठी, आणि डी. ए. व्ही. महाविद्यालयात शिकवीत ते कन्नड! त्याआधी 'नरबलि' या कवितेपायी इंग्रज सरकारने त्यांना तुरुंग दाखविला होता, आणि त्यानंतर बरीच वर्षे धड नोकरी नव्हती. सोलापुरात ते स्थिरावले तेव्हा वय अठ्ठेचाळीस. मराठी घरातल्या या माणसाला कन्नडाने आपला वरकवी मानले. १९५८ साली साहित्य अकादमीचे, १९७३ साली ज्ञानपीठाचे पारितोषिक त्यांना मिळाले ते कन्नड काव्यासाठी. भाषा वारसाहक्काने मिळणारी शेतजमीन असती, तर कन्नडाचा हा सातबारा बेंद्र्यांच्या नावे कधी झालाच नसता.

परंतु बेंद्रे झाले पंडित. ज्या घरात आई अंगठा उठवते तेथल्या मुलीला त्यांचा उपयोग थोडाच. तिच्यासाठी माझ्याकडे लक्ष्मीबाई टिळक आहेत. १८६८ चा जन्म, अकराव्या वर्षी लग्न, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. नवरा रेव्हरंड ना. वा. टिळक, नामवंत कवी. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या वियोगाचे काही दिवस आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, काढले. पुढे १९०० साली त्या स्वतःच्या विचाराने नवऱ्याच्या धर्मात गेल्या. लिहिणे-वाचणे शिकल्या ते घरातच. आणि जोडाक्षरांशी त्यांचे कधी नीट जमले नाही, असे सांगतात.

या बाईंना स्वतःला तोतया समजण्याचा किती हक्क होता, पाहा! लिहिलेले चांगले उतरले तर लोक म्हणणार, कवीची बायको. वाईट उतरले तर म्हणणार, अडाणी. अशा स्थितीत त्यांनी केले काय? साठी ओलांडल्यावर, जसे बोलत तसे लिहिले. १९३४ पासून भागाभागाने 'स्मृतिचित्रे' बाहेर पडली, आणि मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या आत्मचरित्रांत जाऊन बसली. त्या पुस्तकात त्या स्वतःच्या फजितीला जेवढ्या मोकळेपणी हसतात, तेवढे आपल्याकडच्या भल्या भल्या लेखकांना साधलेले नाही. जिने आपले अज्ञान स्वतःच चव्हाट्यावर मांडले, तिचे बिंग कोण फोडणार?

पण मला त्याहून मोठे वाटते ते 'ख्रिस्तायन'. हे ओवीबद्ध काव्य टिळकांनी आरंभिले, आणि पहिले दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच १९१९ साली ते वारले. कवीच्या अपुऱ्या ग्रंथाला हात लावायचा, त्याच्या ओवीखाली आपली ओवी ठेवायची! तोतया म्हणवून घेण्याची याहून उघड जागा दुसरी कोणती? लक्ष्मीबाईंनी तेथे साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्या गेल्या आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला. एवढे अध्याय रचण्यापूर्वी आत्मविश्वास येईल म्हणून त्या वाट पाहत बसल्या असत्या, तर 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांचेच राहिले असते.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली जे मांडले ते याच्याशी जुळते. 'हे मला जमेल' असा भरवसा कोठून येतो, तर सर्वांत पक्का येतो तो स्वतः हातांनी पार पाडलेल्या कामातून. त्याच्या खालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेले पाहून. दुसऱ्याने दिलेला धीर त्याच्या खालचा. आरशासमोर उभे राहून 'मी थोर आहे' असे रोज घोकायला सांगणारी पुस्तके हल्ली ढिगाने मिळतात. त्यांच्या किमतीत दोन डझन पणत्या येतील, असे माझे नम्र मत आहे.

क्लान्स-आइम्स यांनी आणखी एक साधा उपाय सांगितला, तो म्हणजे अशा माणसांनी एकत्र बसून बोलावे. मी तो वर्गात करून पाहिला. नाव न घालता चिठ्ठीवर लिहा म्हटले, की या वर्गात बसायला आपण लायक आहोत असे वाटते का. चिठ्ठ्या वाचून दाखविल्या तेव्हा वर्गात आधी शांतता आणि मग हशा. कारण ज्या पोरांना सगळे 'शेर' समजत होते त्यांच्याही चिठ्ठ्या त्या ढिगात होत्याच, आणि धीट चिठ्ठी शोधावी लागली.

त्या मुलीला मात्र चिठ्ठीने गुण आला नाही. तिला मी म्हटले, 'तुझी आई विड्या देऊन येते तेव्हा पैसे घेताना लाजते का?' ती म्हणाली, 'कशाला लाजेल? मोजून देते.' मजुरी हजारावर असते. हजार वळल्या की हजार, वाईट निघतील त्या बाजूला काढल्या जातात आणि बाकीच्यांचा हिशेब रोख. त्या माउलीला कोणी 'नशीब' म्हणून पैसे देत नाही, आणि तीही तसे समजत नाही. मी म्हटले, 'मग तूही मोजून आण.'

दुसऱ्या दिवशी ती दोन वर्षांच्या कच्च्या वह्या घेऊन आली. एका कापडी पिशवीत मावल्या नव्हत्या, दुसरी भावाच्या हातात होती. ज्ञानेश्वरीच्या पेपरासाठी एकेका प्रश्नाचे उत्तर तिने चार-चार वेळा लिहून काढले होते, समासात तेलुगूत टिपणे होती, खोडलेली पाने होती. माझ्या नोट्स त्या ढिगात कोठे तरी तळाशी सापडल्या, पाच-सहा पाने. आम्ही दोघांनी बसून पाने मोजली. सहाशेच्या पुढे गेल्यावर तिनेच मोजणे थांबविले, आणि विचारले, 'सर, अर्जाला फोटो कोणत्या मापाचा लागतो?'