बोलिव्हियाचा समुद्र कुठे गेला?

दक्षिण अमेरिकेच्या नकाशात बोलिव्हिया चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला दिसतो. तरीही या देशाकडे नौदल आहे आणि ते सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात व नद्यांमध्ये गस्त घालते. कारण एकेकाळी बोलिव्हियाला पॅसिफिक महासागराचा किनारा होता.

हा किनारा अटाकामा या अत्यंत कोरड्या वाळवंटाला लागून होता. तिथे खत आणि स्फोटकांसाठी लागणारा सोरा सापडला आणि ओसाड जमिनीला सोन्याचे मोल आले. जमीन बोलिव्हियाची होती, पण भांडवल आणि मजूर बहुतांशी चिलीचे. चिलीच्या उद्योगांवर नवे कर लावणार नाही, असे बोलिव्हियाने चिलीशी झालेल्या १८७४च्या करारात मान्य केले होते. १८७८ मध्ये मात्र त्याने सोऱ्याच्या निर्यातीवर दर क्विंटलला १० सेंटाव्हो कर लावला. फेब्रुवारी १८७९ मध्ये चिलीच्या सैन्याने बोलिव्हियाचे अंतोफगास्ता बंदर ताब्यात घेतले. बोलिव्हियाचा मित्र पेरूही युद्धात ओढला गेला, दोघेही हरले.

१९०४च्या तहाने किनारा कायमचा चिलीकडे गेला. मोबदल्यात चिलीने आरिका बंदर ते बोलिव्हियातील ला पाझ रेल्वे बांधून दिली आणि मालवाहतुकीची मुभा दिली. चुकिकामाताची तांब्याची प्रचंड खाणही याच गमावलेल्या प्रदेशात आहे.

समुद्राबाबत चिलीने वाटाघाटी कराव्यात, ही बोलिव्हियाची मागणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. तरी बोलिव्हियात दरवर्षी २३ मार्चला ‘समुद्र दिन’ पाळला जातो. सीमेची रेघ कशी आखली गेली, हे समजल्याशिवाय या खंडाचे आजचे राजकारण उमगत नाही.