जुनाट फुप्फुसविकार आणि जंतूंचा शेजार

एका रोगाचा एक जंतू आणि त्या जंतूवरचे एक औषध, असा सरळ हिशेब आपणा बहुतेकांच्या मनात पक्का बसलेला आहे. तो बसण्यास कारणही तसेच घडले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. पुढे एका औषधाने भागत नाही, अनेक औषधे एकत्र द्यावी लागतात, हे अनुभवास आले. तथापि शत्रू एकच होता आणि तो ओळखीचा होता.

फुप्फुसाचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळू लागले म्हणजे मात्र हा हिशेब जुळेनासा होतो. तेथे अनेक जातींचे जंतू एकत्र नांदत असतात. ते एकमेकांस मारतात, एकमेकांस पोसतात, आणि कधी कधी वैर करता करताच शेजाऱ्याचे औषधापासून रक्षणही करतात. रिपोर्टाप्रमाणे अचूक औषध देऊनही खोकला का हटत नाही, याचे एक कारण या शेजारात सापडते. ही माहिती आपल्या सभासद कुटुंबांस व आपल्या पेढ्यांवर राबणाऱ्या हमाल-मापाड्यांस उपयोगी पडेल, या हेतूने ती येथे मांडीत आहे.

वस्ती कशी होते

निरोगी माणसाच्या श्वासनलिकांना आतून ओलसर, चिकट द्रवाचा पातळ थर असतो. हवेबरोबर आलेली धूळ व जंतू त्यात अडकतात आणि नलिकांच्या आतील अतिसूक्ष्म केस तो थर सतत घशाकडे ढकलीत राहतात. ही झाडलोट अहोरात्र चालू असल्यामुळे जंतूंना तेथे मुक्काम करण्यास अवधी मिळत नाही. परंतु क्षय, गंभीर न्यूमोनिया किंवा बालपणीचा डांग्या खोकला यांमुळे काहींच्या नलिका कायमच्या रुंद व सैल होतात. झाडलोट थांबते, कफ साचतो, आणि साचलेल्या कफात जंतू घर करतात. या विकारास ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. स्टेथोस्कोपचे जनक फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. भारतातील २,१९५ रुग्णांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक जणांस हा विकार पूर्वी होऊन गेलेल्या क्षयामुळे जडलेला होता. क्षय बरा झाल्याचा दाखला मिळूनही दर हिवाळ्यात खोकला व पिवळा-हिरवा कफ ज्यांची पाठ सोडीत नाही, त्यांच्यापैकी काहींचे मूळ दुखणे हे असते.

अशा साचलेल्या कफातील जंतूंच्या परस्परसंबंधांचा सर्वांत बारकाईने अभ्यास सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात झाला आहे. हा रोग युरोपीय वंशाच्या लोकांत विशेष आढळतो. १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले आणि १९८९ मध्ये त्यास कारण होणारा आनुवंशिक दोष सापडला. या रोग्यांचा कफ जन्मापासूनच घट्ट असतो. बालपणी त्यात बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आढळतो. वय वाढेल तसा स्यूडोमोनस एरुजिनोसा हा दुसरा जंतू शिरतो आणि पुष्कळदा पहिल्याची जागा बळकावतो. हे स्थित्यंतर कसे घडते, याचा शोध घेतानाच पुढील गोष्टी उजेडात आल्या.

निळ्या पुवाचा जंतू

स्यूडोमोनस हा ओलाव्यात राहणारा जंतू आहे. पाणी, दमट माती, मोऱ्या, नळांची तोंडे ही त्याची ठिकाणे. जखमेवरच्या पट्ट्या कधी कधी निळ्या-हिरव्या होत, हे शस्त्रवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. १८६० च्या सुमारास फोर्दोस या फ्रेंच रसायनज्ञाने त्या पट्ट्यांतून निळा रंग वेगळा काढला आणि १८८२ मध्ये गेसार यांनी तो रंग निर्माण करणारा जंतू शोधला. हा रंग आणि त्यासोबतचे अन्य स्राव इतर जंतूंना घातक आहेत, हेही लवकरच लक्षात आले. १८९९ मध्ये जर्मनीत एमरिख व ल्यॉव या दोघांनी या जंतूच्या अर्कापासून पायोसायनेज नावाचे औषध तयार करून इतर रोगजंतूंवर वापरून पाहिले. ते भरवशाचे न ठरल्याने पुढे मागे पडले. परंतु हा जंतू शेजाऱ्यांचा वैरी आहे, ही गोष्ट पेनिसिलिनच्या आधीच सिद्ध झाली होती.

हा वैरी काय काय करतो ते पाहा. जंतूंना जगण्यास लोह लागते आणि आपले शरीर ते सहजी हाती लागू देत नाही. स्यूडोमोनस लोह ओढून घेणारा एक हिरवट-पिवळा पदार्थ बाहेर सोडतो. शिवाय स्टॅफिलोकॉकसचे कवच फोडणारा एक स्राव त्याच्याजवळ असतो. फुटलेल्या शेजाऱ्यातील लोहसुद्धा तो आपल्या उपयोगास आणतो.

याहून विलक्षण प्रकार त्याच्या आणखी एका विषाचा आहे. हे विष स्टॅफिलोकॉकसची श्वसनक्रियाच बंद पाडते. त्याने पुष्कळ जंतू मरावेत असे आपणास वाटेल, परंतु स्टॅफिलोकॉकस प्राणवायूवाचूनही कसाबसा गुजारा करू शकतो. तो मंद होतो, सावकाश वाढतो, अगदी बारीक ठिपक्यांसारख्या वसाहती करून राहतो. आता टोब्रामायसिन किंवा जेंटामायसिन यांसारखी औषधे जंतूच्या आत शिरण्यासाठी त्याच्या श्वसनातून उत्पन्न होणारी शक्तीच वापरतात. श्वसन थांबले की औषधाचा दरवाजाही बंद होतो. बाजारात दंगा सुरू झाल्यावर एखादा दुकानदार फळ्या लावून, दिवा मंद करून आत बसतो. त्याचा धंदा बुडतो, पण लुटारूलाही आत शिरता येत नाही, तसेच हे झाले. या विषाने स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील औषध निष्प्रभ होते, हे १९५६ मध्येच एका प्रयोगात दिसले होते. २००६ मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथील संशोधकांनी हे दोन जंतू एकत्र वाढवून दाखवून दिले की, स्यूडोमोनसच्या सहवासात स्टॅफिलोकॉकस टोब्रामायसिनपासून बचावतो, आणि सहवास लांबला तर हे मंदपण काहींच्या अंगी कायमचे भिनते. अशा बारीक वसाहती नेहमीच्या तपासणीत नजरेतून सहज निसटतात. रिपोर्टात जंतू नाही असे येते आणि जंतू तर आतच असतो.

वैरातून सहवास

पुढे पुढे या वैराचे स्वरूपही पालटते. फुप्फुसात वर्षे काढलेला स्यूडोमोनस स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो आणि आपली पुष्कळशी हत्यारे टाकून देतो. नव्याने आलेला स्यूडोमोनस स्टॅफिलोकॉकसचा नायनाट करू पाहतो, तर जुना मुरलेला त्याच्याशेजारी नांदतो, असे अनेक प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. त्या आवरणात शरीराच्या रक्षक पेशी आणि औषधे दोन्ही अडखळतात.

काही शेजारी तर उघड साहाय्य करतात. मोराक्सेला नावाचा जंतू पेनिसिलिन व त्याच्या कुळातील कित्येक औषधांचे तुकडे करणारा पदार्थ सोडतो. तो स्वतः फारसा दांडगा नाही. परंतु त्याच्या आसपास असलेले, त्या औषधाने एरव्ही सहज मेले असते असे जंतू त्याच्या आडोशाने वाचतात. तोंडातील व घशातील काही जंतू कफातील चिकट द्रव्याचे विघटन करतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर व इतर पोषक द्रव्यांवर स्यूडोमोनसचे पोट भरते. शिवाय जंतू रासायनिक खुणांनी आपल्या जातीची संख्या अजमावतात आणि संख्या पुरेशी झाली म्हणजे एकदम हल्ला करतात. १९७० मध्ये प्रकाश देणाऱ्या सागरी जंतूंत प्रथम वर्णिलेला हा प्रकार पुढे स्यूडोमोनसमध्येही आढळला, आणि परक्या जातीच्या खुणांनीही त्याचा जोर वाढतो असे दिसले.

आपल्या शास्त्रांत एकाच शरीराच्या आश्रयाने अनंत जीव राहतात, एकत्र आहार व श्वास घेतात, असे निगोदाचे वर्णन आहे. ते जीव आणि प्रयोगशाळेतील हे जंतू एकच, असा दावा करण्याचे मला प्रयोजन नाही. तो विषय विद्वानांचा आहे. परंतु डोळ्यांस न दिसणारी जीवसृष्टी परस्परांशी बांधलेली असते, ही कल्पना आपल्या घरातील वृद्धांस समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

आपण काय करावे

या साऱ्याचा व्यवहारातील अर्थ असा की, बशीत एकट्या जंतूवर औषध चालले म्हणून फुप्फुसातील गर्दीतही ते तितकेच चालेल अशी खात्री नाही. म्हणून डॉक्टर कधी औषध बदलतात, कधी दोन देतात, कधी वाफेवाटे देतात, आणि कफ काढण्याच्या व्यायामास औषधाइतकेच महत्त्व देतात. कफ बाहेर पडला म्हणजे एका जातीचे जंतू नव्हे, वस्तीच उठते. सिस्टिक फायब्रोसिसवर २०१९ मध्ये अमेरिकेत तीन द्रव्यांचे नवे संयुक्त औषध मान्य झाले. त्याने कफ पातळ होतो व जंतूंची संख्या घटते. तरी पुष्कळ रोग्यांत जुने जंतू टिकून राहतात. एकदा बसलेले बिऱ्हाड उठवणे किती अवघड, हे यावरून कळेल. ते बसू न देण्यातच शहाणपण आहे.

सबब काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. घरात उरलेल्या किंवा शेजाऱ्यास लागू पडलेल्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. अर्धवट औषधाने दुबळे जंतू मरतात आणि चिवट मागे राहतात. कफाची तपासणी शक्यतो औषध सुरू करण्यापूर्वी करावी. त्यासाठी सकाळी चूळ भरून, खोल खोकून छातीतून आलेला कफ द्यावा, तोंडातील लाळ देऊ नये. जुना खोकला वाढला असता क्षय परत उलटलेला नाही ना, हे प्रथम पाहून घ्यावे. वाफेचे यंत्र घरी असल्यास डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे स्वच्छ करून पूर्ण कोरडे ठेवावे, कारण ओलावा हे स्यूडोमोनसचे माहेर आहे.

आपल्या समाजापुरती एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चौविहार पाळणारे रुग्ण सूर्यास्तानंतरची मात्रा गाळतात आणि पर्वातील उपवासांत औषध अजिबात बंद ठेवतात. ते ही गोष्ट डॉक्टरांस सांगत नाहीत, आणि डॉक्टरांसही विचारण्याचे सुचत नाही. औषधाची वेळ चुकली की वर सांगितलेल्या वस्तीला सावरण्यास सवड मिळते. नियम असल्याचे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. दिवसा उजेडी घेता येईल असे औषध किंवा वेळापत्रक पुष्कळदा निघू शकते. ते निघत नसेल, तर दुखणे संपेपर्यंत काय करावे हे आपल्या गुरुजनांस विचारून ठरवावे. न सांगता औषध टाळण्याने नियमाचे तेज वाढत नाही आणि रोगी मात्र खंगतो.

शेवटी धुळीविषयी. इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या खोकल्यास व दम्यास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. गोण्या झटकताना व चाळण चालवताना उडणारी धूळ श्वासनलिकांची झाडलोट बिघडवते. ती बिघडली की जंतूंस वाट मोकळी होते. नाक-तोंड झाकणारा चांगला मुखपट्टा, गोदामात हवा खेळती ठेवणे आणि जागोजाग थुंकण्यास मज्जाव, हे उपाय प्रत्येक पेढीस परवडणारे आहेत. तीन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या हमालाची छातीची व कफाची तपासणी करून घेणे, आणि त्या दिवसाची त्याची मजुरी न कापणे, एवढा ठराव आपल्या संघाने येत्या वार्षिक सभेत करावा, अशी माझी सर्व सभासद बंधूंना विनंती आहे. मजुरी बुडेल या भीतीने तो तपासणी टाळतो, आणि त्याच्या फुप्फुसात तोवर बिऱ्हाडे वाढत जातात.