सही कुणाची?

गेल्या दिवाळी अंकाच्या तयारीतली गोष्ट. एका संपादक मित्राने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर नऊवारीतली बाई, हातात पणती, गालावर ज्योतीचा उजेड. ‘‘संगणकाने काढलंय. तू फक्त बोटं नीट कर आणि खाली सही ठोक,’’ तो म्हणाला. बोटे खरोखरच सहा होती. पण मुखपृष्ठे रंगवण्यात उभा जन्म गेलेल्या मला अडवले ते त्या उजेडाने. तो मी पूर्वी पाहिला होता. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’मध्ये. आपल्याच लेकीला उभे करून हळदणकरांनी ते जलरंगात रंगवले. तरीही कित्येक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. नाव हरवायला यंत्रच लागते असे नाही!

मग प्रश्न पडला, मोबाइलवरच्या चित्राचा धनी कोण? आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. १९९४च्या दुरुस्तीने त्यात संगणकनिर्मित कृतीची सोय झाली: जी व्यक्ती ती निर्माण करवते, ती तिची कर्ती. संगणक सांगितले तेवढेच करी, तोवर हे सोपे होते. आज ‘करवते’ कोण? दोन ओळींचा हुकूम सोडणारा माझा मित्र, यंत्र बनवणारी कंपनी, की ज्यांची चित्रे दाखवून यंत्राला शिकवले ते चित्रकार? २०२० साली ‘सूर्यास्त’ या चित्राची आपल्याकडे नोंद झाली, ‘राघव’ नावाच्या संगणक प्रणालीला सहकर्ता मानून. पुढे कार्यालयानेच ती मागे घेण्याची नोटीस काढली.

अमेरिकेत स्टीफन थॅलर यांनी, आपल्या यंत्राचीच कर्ता म्हणून नोंद करा, असा हट्ट धरला. मार्च २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्यातले एक कारण मार्मिक आहे: हक्काची मुदत कर्त्याच्या आयुष्याशी बांधलेली असते, आणि यंत्राला आयुष्य नसते. आपल्याकडे मुदत मृत्यूनंतर साठ वर्षे. जो मरतच नाही, त्याची साठ वर्षे मोजायची कुठून?

मला सलते ते वेगळेच. कायदा चित्र राखतो, शैली नव्हे. हळदणकरांचे चित्र हुबेहूब उतरवून विकले तर हक्कभंग. उजेड टाकण्याची त्यांची रीत उचलली तर नाही. हे योग्यच आहे. मीही थोरांची चित्रे गिरवूनच हात बसवला. पण मला त्यासाठी वर्षे लागली, आणि कुणाकडून काय घेतले हे मी सांगू शकतो. यंत्र सांगत नाही. मालक कोण, हे ठरवण्याआधी ते कुणाच्या जिवावर शिकले, हे विचारायला नको का?

मी सहावे बोट पुसून दिले. पैसेही घेतले, नेहमीच्या मुखपृष्ठाच्या चौथा हिस्सा. सही मात्र केली नाही.

अंक आला. आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढची जागा कोरी होती.