'हळू'चे वेगवान पूर्वज

भंडारा जिल्ह्यातील मोहाडीच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत 'ळ' हा वर्ण नाही, त्याच्या जागी 'र' येतो. म्हणून 'डोळा'चा जसा 'डोरा' होतो, तसे 'हळू हळू'चे 'हरू हरू' होते. मंद गती सांगणारे हे क्रियाविशेषण, म्हणजे क्रिया कशी घडते हे सांगणारा शब्द, संस्कृत 'लघु'पासून आलेले असून 'लघु'चे ऋग्वेदातील जुने रूप 'रघु' आहे आणि त्याचा अर्थ चक्क 'वेगवान' असा आहे. (झाडीबोलीतील 'र' थेट वेदांतून आला, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरलेला बरा; तो मराठी 'ळ'पासून फार पुढे झालेला आहे.)

प्राकृतात दोन स्वरांमधला 'घ' क्षीण होऊन 'ह' उरला, जसा 'मेघ'चा 'मेह' झाला, आणि 'लहु' हे रूप सिद्ध झाले. मग 'ल' व 'ह' यांनी जागा बदलल्या, ज्याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात 'लघुक'च्या 'हलुअ' या रूपासाठी स्वतंत्र सूत्रच दिले असून, जवळच्याच सूत्रांत 'अचलपुर'चे 'अलचपुर' आणि 'महाराष्ट्र'चे 'मरहट्ठ' झाल्याचे सांगितले आहे. विदर्भातील अचलपूर दीर्घकाळ एलिचपूर का म्हटले गेले, याचा उलगडाही त्यातून होतो. या अदलाबदलीची खूण खुद्द 'ळ'मध्ये आहे, कारण मराठीत शब्दारंभीचा 'ल' टिकतो, तर स्वरांमधला एकेरी 'ल' 'फल'च्या 'फळ'प्रमाणे बदलतो.

अर्थाचे वळण याहून रंजक आहे. वजनाने हलके ते चपळ, हा वैदिक अर्थ. पण हलके पाऊल वाजत नाही, हलका हात दुखवत नाही, त्यामुळे हलकेपणातून अलगदपणा आणि अलगद केलेले काम सावकाशच होत असल्याने त्यातून मंदपणा, अशी ही उतरण दिसते. मधली पायरी 'हळुवार'मध्ये शाबूत आहे, आणि झोपलेल्या बाळाजवळ 'हळू बोल' असे सांगितले जाते तेव्हाही बोलण्याचा वेग नव्हे, आवाज कमी करणेच अपेक्षित असते.

भारोपीय भाषाकुळात, म्हणजे संस्कृतापासून इंग्रजीपर्यंतच्या भाषांच्या कुटुंबात, लॅटिनमधील 'लेव्हिस' आणि हलका या अर्थाचा इंग्रजी 'लाइट' हे 'लघु'चे सगोत्र होत. प्रकाशवाचक 'लाइट' निराळा. 'लाइटली' हे क्रियाविशेषण 'लघु'च्याच घराण्यातले, आणि पाण्यावर तरंगण्याइतका हलका अवयव म्हणून फुफ्फुसाला मिळालेले 'लंग' हे नावही.