पुण्याचा शब्द काष्टीस कसा पोहोंचतो

कळ फिरविली कीं रेडिओ बोलूं लागतो, या गोष्टीची आपणांस इतकी संवय जडली आहे कीं बोलणारा कोठें बसला आहे आणि त्याचा शब्द कोणत्या वाटेनें आपल्या दिवाणखान्यांत आला, हें विचारावेंसें कोणास वाटत नाहीं. शहरांत त्याचें कारणही पडत नाहीं. आमच्या काष्टीस तें पडतें. श्रीगोंदें तालुक्यांतील, दौंडहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव जनावरांच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. सरळ रेषेनें मोजल्यास पुणें येथून सुमारें ७५ किलोमीटर आणि नगर सुमारें ६०. म्हणजे दोन केंद्रांच्या शिवेवर आमची वस्ती. आणि शिवेवर राहणाऱ्यास वाटेची चौकशी ठेवावीच लागते.

आपल्या प्रांतीं या विद्येचा आरंभ मुंबईस झाला. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें तेथें पहिलें नियमित केंद्र सुरू केलें. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती, म्हणून तो आवाज तीसएक मैलांपलीकडे नीटसा पोहोंचत नसे. कंपनी तीन वर्षांतच बुडाली. सरकारनें तें काम हातीं घेतलें, व १९३६ सालीं त्यास ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. पुणें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं उघडलें, आणि घाटावरच्या मराठी मुलखाला मुंबईच्या तोंडाकडे पाहण्याचें प्रयोजन पुष्कळसें उरलें नाहीं.

आतां येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. निवेदक बसतो तें ध्वनिगृह निराळें आणि लहरी सोडणारा प्रक्षेपक निराळा. पुण्याचें ध्वनिगृह शिवाजीनगरास, तर मध्यम लहरींचा प्रक्षेपक हडपसरला. भटजी देवळांत आणि घंटा वेशीवर, असा हा प्रकार आहे. दोहोंस जोडणारा दुवा तुटला तर निवेदक बोलत राहील, पण ऐकणार कोणी नाहीं.

पुण्याचें मध्यम लहरींवरील ध्वनिक्षेपण ७९२ किलोहर्ट्झ या आंकड्यानें ओळखलें जात आलें. याचा अर्थ, दर सेकंदास सात लक्ष ब्याण्णव हजार कंपनें. आणि अशा एका लहरीची लांबी सुमारें ३७९ मीटर. एवढी लांब लहर जमिनीस चिकटून चालते. टेंकाड आलें, खळगा आला, तरी ती त्यास वळसा घालून पुढें जाते. शंभर किलोवॅटच्या जोरावर ती काष्टीस भर दुपारीं सहज येऊं शकते. रात्रीं तर निराळीच मौज. वातावरणाच्या उंच भागांत सूर्याच्या किरणांमुळें विद्युत्भारित थर तयार होतात. त्यांतला सर्वांत खालचा थर दिवसा या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला कीं तो विरतो, आणि वर गेलेल्या लहरी आणखी उंचावरील थरावरून परतून शेंकडों मैल दूर उतरतात. म्हणूनच रात्रीं दूरदूरचीं केंद्रें एकमेकांच्या अंगावर येऊन गलबला करतात. लहानपणीं आम्हीं त्यास रेडिओ बिघडला असें समजून वरून थापट्या मारीत असूं. रेडिओ बिचारा निर्दोष होता.

एफ. एम. ची गोष्ट वेगळी. नगर केंद्र १००·१ मेगाहर्ट्झवर बोलतें. ही लहर अवघी तीन मीटर लांबीची. आवाज स्वच्छ, विजेच्या कडकडाटाचा खरखराट जवळजवळ नाहीं. परंतु ही लहर वळणें घेत नाहीं, प्रायः नजरेच्या रेषेंत चालते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळें ती नजर लवकरच संपते. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून जमिनीवरील यंत्रास ती सुमारें चाळीस किलोमीटरपर्यंत भरंवशाची. त्यापुढें यंत्राची तार उंच न्यावी लागते. दूरदर्शननें आपला मनोरा सिंहगडावर नेऊन उभा केला तो याच हिशेबानें. साठ किलोमीटरवरच्या आम्हां लोकांस म्हणून गच्ची आणि तळघर यांत फरक पडतो.

अशा केंद्राचा उपयोग काय, याचें एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याचें आहे व तें फारसें कोणास ठाऊक नाहीं. १९५६ च्या आरंभीं युनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्रानें एक प्रयोग केला. पुणें, नगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवीं श्रोतृमंडळें स्थापण्यांत आलीं. कल्पना मूळ कॅनडांतील शेतकरी मंडळांची. आठवड्यांतून दोन, असे अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ऐकावें, मग वाद घालावा, अडलें तें पुण्यास लिहून कळवावें, आणि पुण्यानें पुढें त्याचें उत्तर नभोवाणीवरूनच द्यावें, अशी योजना होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें त्याची तपासणी केली. मंडळें असलेल्या गांवांतील लोकांचें ज्ञान चांगलेंच वाढलें. नुसता रेडिओ असलेल्या गांवांत वाढ थोडकीच दिसली. १९५९ पासून हा उपक्रम देशभर पसरला. मला हा प्रयोग गीतरामायणाइतकाच पुणें केंद्राचा अभिमानाचा वाटतो, मग गीतरामायणाची १ एप्रिल १९५५ पासूनची कीर्ति कितीही मोठी असो.

हें सांगण्याचें निमित्त असें. सकाळीं सात वाजून दहा मिनिटांनीं पुण्याहून दिल्या जाणाऱ्या प्रादेशिक बातम्या राज्यांतील अनेक केंद्रें सहक्षेपित करीत आलीं. जून २०२३ मध्यें पुण्याचा वृत्तविभाग बंद करून तें काम छत्रपति संभाजीनगराकडे सोंपविण्याचा हुकूम निघाला. ओरड झाली, आणि केंद्रीय मंत्र्यांनीं त्यास स्थगिती दिली. कोणी म्हणेल, बातमी कोठूनही वाचली तरी प्रक्षेपक तोच, लहर तीच, बिघडलें काय? लहरीचें कांहींच बिघडत नाहीं, हें खरें. पण बातमी गोळा करणारा माणूस कोठें उभा आहे, यानें पुष्कळ बिघडतें. पावसाळ्यांत खडकवासल्यांतून सोडलेलें पाणी मुळा-मुठेवाटें भीमेस मिळतें व खालीं येतें. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या कांठीं आमचा तालुका. किती पाणी सुटलें हें पुण्याच्या माणसास दाराशीं समजतें, आणि नदीकांठच्या शेतकऱ्यास विहिरीवरचें इंजिन वेळेवर उचलावयाचें असतें.

दुसरी काळजी मध्यम लहरींची. गेल्या कांहीं वर्षांत देशांतील अनेक मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद करण्यांत आले. वीज फार खाते, यंत्रें जुनीं झालीं, हीं कारणें खोटीं नाहींत. त्यांच्या जागीं लहान एफ. एम. प्रक्षेपक वाढविण्याचें धोरण आहे. २८ एप्रिल २०२३ रोजीं शंभर वॅटचे असे ९१ प्रक्षेपक एकदम सुरू झाले. परंतु शंभर वॅटचा दिवा अंगणापुरता. मध्यम लहरीचा एक खांब जेवढा मुलूख व्यापीत असे, तेवढ्यास असे किती दिवे लागतील, आणि दोन दिव्यांच्या मधला अंधार कोणत्या गांवांच्या वांट्यास येईल, याचा नकाशा आधीं करावा आणि मगच जुना खांब उतरवावा.