कार्डाचे दोन टक्के कोणी भरायचे?

गटातून कर्ज घेऊन आपण शिलाई मशीन घेतो, मिक्सर घेतो. पैसे द्यायला कार्ड काढलं, की कधीकधी दुकानदार म्हणतो, “ताई, कार्डाला दोन टक्के जादा लागतील.” 8,000 रुपयांच्या मशीनवर हे झाले 160 रुपये. महिन्याला शंभर रुपये बचत भरणाऱ्या बाईची ही दीड महिन्याहून जास्त बचत. म्हणून हे टक्के येतात कुठून, ते आज समजून घेऊ.

मशीनवर कार्ड चाललं, की बँक दुकानदाराला पूर्ण रक्कम देत नाही, थोडी कापून घेते. या कापलेल्या पैशाला एमडीआर म्हणतात. हा खर्च दुकानदाराचा. पण तो भरून काढायच्या त्याच्याकडे तीन वाटा असतात. एक, सगळ्या मालाच्या किमतीतच तो मिसळायचा. मग रोख पैसे देणारीही तो भरते. दोन, किंमत चढी ठेवून रोखीला सूट द्यायची. तीन, कार्डवाल्या गिऱ्हाइकाकडून वर टक्के मागायचे.

आता कार्डाकार्डांत फरक आहे. जनधन खात्यावर मिळालेलं रूपे डेबिट कार्ड, ज्याला आपण एटीएम कार्ड म्हणतो, त्यावर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवरही शून्यच. बँक कापतच नाही, तर दुकानदाराने मागायचं कशाला?

दुसऱ्या कंपनीच्या डेबिट कार्डावर बँक पैसे कापते. पण रिझर्व्ह बँकेने 2018 पासून त्याला मर्यादा घातली आहे. वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के, मोठ्या दुकानाला 0.90 टक्के. म्हणजे 8,000 वर 32 नाहीतर 72 रुपये. आणि तेही गिऱ्हाइकाकडून घेतले जाऊ नयेत, हे बघायला बँकांना सांगितलं आहे. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. दोन टक्क्यांची भाषा मुळात तिथली.

मग करायचं काय? शांतपणे विचारा, “भाऊ, हे डेबिट कार्ड आहे, यावर टक्के कसले?” ऐकलं नाही, तर यूपीआय करा. पैसे द्यावेच लागले, तर जादा रक्कम बिलावर लिहून घ्या, बिल जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आणि बायांनो, प्रदर्शनात पापड-मसाले विकताना आपणही दुकानदारच असतो. क्यूआरवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून जादा घेऊ नका. “पैसे मिळाले” असं बोलणारी पेटी ठेवणार असाल, तर तिचं महिन्याचं भाडं किती, हे आधी विचारा आणि मालाचा भाव ठरवताना खर्चात धरा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं कार्ड आणा. त्यावर ‘रूपे’ आणि ‘डेबिट’ लिहिलंय का, ते मिळून बघू. पिन मात्र कोणालाच सांगायचा नाही, अगदी मलासुद्धा!